हिटीच्या पत्राची मागची बाजू

वेस्ट हार्लो, व्हरमाँट
ऑक्टोबरमधला एक रविवार, चर्चहून आल्यावर

श्रीयुत मेहुणेबुवा आल्डन पीस्ली यांस,

ऑरिन टटलचा रीतसर नमस्कार. इकडे सर्व क्षेम आहे, म्हणजे माझा गुडघा, कोठाराचं छप्पर आणि मी, यांपैकी अजून कुणी कोसळलेलं नाही. तिकडे ॲरिझोनात आपल्या छातीचं कसं काय आहे? कोरडी हवा मानवते असं ऐकून होतो. खोकला कमी असेल तर आनंद आहे, आणि नसेल तर निदान तिथे तो खोकायला उन्हात बसता येतं, याचाही आनंदच मानावा. आपल्या पोपटाची प्रकृतीही विचारतो. (ही चौकशी उगीच नाही. पोपटाकडे मी येणार आहे.)

आपलं बोलणं बंद आहे हे मी विसरलेलो नाही. ते तसंच बंद ठेवायला माझी काही हरकत नाही. हे पत्र आहे, बोलणं नव्हे. ज्या माणसानं वेस्ट हार्लोचा सर्वांत जुना टपालशिक्का लिलावात माझ्या नाकाखालून उचलला, आणि पुढे छातीला धूळ सोसत नाही म्हणून सगळाच्या सगळा व्हरमाँटच्या जुन्या टपालाचा संग्रह विकायला काढला, तोही मला न विचारता कॅलिफोर्नियातल्या एका दातांच्या डॉक्टरला, त्याच्याशी बोलायला माझ्याकडे शब्द नव्हते. अजून नाहीत. पण तुझी बहीण मात्र इतकी वर्षं आपल्या दोघांच्या वतीनं बोलत राहिली. दर महिन्याला तुझं पत्र आलं की ती म्हणायची, "आल्डननं तुझ्या गुडघ्याबद्दल विचारलंय." मी म्हणायचो, विचारू दे. ती गेल्यावर तुझी पत्रं चाळली. (चाळायची नव्हती. पण थंडीत करायचं काय?) त्यांत माझा गुडघा एकदाही नाही! उलट तूच एके ठिकाणी लिहिलं आहेस की ऑरिन माझ्या छातीची एवढी काळजी करतो हे वाचून आश्चर्य वाटलं. आल्डन, मी तुझ्या छातीबद्दल कधी चकार शब्द काढला नव्हता. ती बाई दोन्हीकडे बिनदिक्कत खोटं सांगत होती, आणि आपण दोघे ते खरं धरून थोडे थोडे माणसात राहिलो होतो.

ती जानेवारीत गेली. तेव्हा जमीन गोठलेली, त्यामुळे तिला मेपर्यंत दफनभूमीच्या दगडी कोठीत ठेवावं लागलं. हे आपल्याकडे नेहमीचंच, तुझ्या आईचंही तसंच झालं होतं. पण व्हर्ना म्हणजे जूनमध्ये पायमोजे घालणारी बाई. तिला तिथे एवढा हिवाळा काढावा लागला हे मला फार लागलं. मी शेगडी पेटवून बसायचो आणि बसल्या बसल्या लाज वाटायची. मे महिन्यात तू आला नाहीस. डॉक्टरांनी विमानाला नको म्हटलं, असं तुझ्या पुष्पचक्राच्या चिठ्ठीत होतं. त्याचा मी पुष्कळ दिवस राग धरला. धरून धरून हात दुखायला लागले तेव्हा खाली ठेवला. दगड छान झाला आहे. डावीकडे ती, उजवीकडे मी. दगडवाला म्हणाला, दोन नावं एकदम कोरली तर बरं पडतं. म्हणून माझं नाव, जन्मसाल आणि पुढे एक आडवी रेघ असं सगळं तयार आहे. तिथे गेलं की उगीचच आपल्याला उशीर झाल्यासारखं वाटतं.

आता मुद्द्याकडे येतो. मुद्दा हिटीचा आहे. तू आमच्या घरी फारसा न आल्यामुळे हिटीबद्दल तुला कितपत माहीत आहे कोण जाणे, तेव्हा मागे आपल्या पाद्रीबुवांना सांगितलं होतं तसंच सांगतो. (पाद्रीबुवांना का सांगावं लागलं, तेही येईल.) माझ्या संग्रहात आपल्या गावी आलेली घडीची पत्रं आहेत. त्या काळी तिकीट नव्हतं आणि पाकीटही नव्हतं. कागदाची घडी घालायची, मागून लाखेची मोहर करायची, पुढे पत्ता लिहायचा, की झालं पत्र. पैसे घेणाऱ्यानं मोजायचे, तेही अंतरावर. मी ही पत्रं बाहेरून वाचतो, जशी तूही वाचायचास. गावाचा शिक्का, तारीख, पोस्टमास्तरनं शाईनं टाकलेला दर, वाटेतल्या खुणा. आत काय आहे याच्याशी आपल्या धंद्याचा संबंध नाही. आपल्या टपालसंग्राहकांच्या क्लबात मी एकदा म्हणालो होतो, मजकूर म्हणजे कोटाचं अस्तर, ते उलटून बघणं सभ्यपणाचं नाही. तू टाळी दिली होतीस.

व्हर्ना मात्र अस्तरच बघायची. शाळेत इतकी वर्षं पोरांचं लिखाण तपासलेली बाई. कुठलंही अक्षर, कितीही गिचमिड, आडवं लिहून कागद संपला म्हणून त्याच्यावरच उभं लिहिलेलं असलं तरी ती धडाधडा वाचायची. जेवण झालं की मी शिक्का मोजायला बसायचो आणि ती समोर बसून मोठ्यानं वाचायची. मध्येच थांबायची. "ऐकतोयस का?" मी म्हणायचो, हो. "मग सांग, काय वाचलं मी?" मी सांगायचो, तीस मिलिमीटर. यावर ती इतकी हसायची की मला वाटायचं आपण काही फार चांगलं बोललो.

तर बरबँकांची हिटी. पूर्ण नाव मेहिटेबल. आपल्या टेकडीमागच्या बरबँकांच्या शेतावरची पोर. नवऱ्याबरोबर, म्हणजे असा नावाच्या त्या माणसाबरोबर, बैलगाडीत सामान भरून ओहायोला जमीन घ्यायला निघाली. गरोदर. वाटेतून आईला, थँकफुल बरबँकला, पत्रं टाकत गेली आणि ती एकेक करून माझ्याकडे आली. कुठलं जुन्या टपालाच्या जत्रेत, कुठलं लिलावात, एक तर क्लबातल्या ल्युशियस ड्रूकडून मेपलच्या पाकाच्या डब्याच्या बदल्यात. शेवटचं बफेलोचं. त्यात लिहिलंय की उद्या सरोवरातली बोट धरणार, पाय सुजलेत, नवरा बोलत नाही. त्यानंतर काही नाही. व्हर्ना सुन्न झाली! मी म्हटलं, अगं, तिला जाऊन दीडशे वर्षं होत आली. ती म्हणाली, ते मला ठाऊक आहे, पण बाळंतपण सुखरूप झालं का? आणि पुढच्या रविवारी तिनं चर्चच्या प्रार्थनेच्या यादीत हिटीचं नाव घातलं. पाद्रीबुवा नवीन. त्यांनी मनापासून प्रार्थना केली की आपल्या भगिनी मेहिटेबल यांना परक्या मुलखात सुखरूप सोडव. सगळं चर्च आमेन म्हणालं. बायकांच्या मंडळानं बाळासाठी पिवळे लोकरीचे मोजे विणले आणि पत्ता मागायला माझ्याकडे आल्या. तेव्हा मला पाद्रीबुवांकडे जाऊन सगळं समजवावं लागलं. ते भले माणूस. म्हणाले, देवाच्या घरी तारखांचा घोळ चालतो, यादीत राहू द्या. ते मोजे अजून वरच्या खणात आहेत.

व्हर्नाचं आणखी एक वैर होतं, एलिशा कॉबशी. हा आपल्या गावचा त्या वेळचा पोस्टमास्तर. बफेलोच्या पत्रावर त्यानं दर टाकलाय आणि खाली "अडवून ठेवलं" असं लिहिलंय. मला तो शेरा फार प्रिय, कारण दुर्मीळ आहे. व्हर्ना त्याच्यावर बोट ठेवून दात खायची. थँकफुलकडे पैसे नव्हते, लोकर विकली जाईपर्यंत पत्र कॉबच्या दुकानातच (टपालकचेरी तीच) पडून राहिलं, हे उघड आहे. व्हर्ना म्हणायची, ती रोज येऊन नुसतं बघून जात असणार. त्या काळची बाई पत्र हाती आलं की आधी उलटं करायची. मोहर लाल असली तर माणसं जिवंत आहेत, आतलं कधीही वाचू. काळी असली तर दुकानाच्या पायरीवरच बसायचं. लाल दिसली म्हणून थँकफुल घरी जाऊन दूध काढत असेल, असं व्हर्ना सांगायची. हे कुठल्या कागदात लिहिलेलं नाही. तिला ते दिसायचं.

पुढे प्रत्येक जत्रेला निघालो की ती दारातून विचारायची, हिटीचं बघशील ना? मी हो म्हणायचो आणि शिक्के बघून यायचो. दवाखान्यातही शेवटी शेवटी तेच. नर्सला वाटलं मुलीचं नाव असेल. मला विचारलं, मुलगी कधी येणार? मी म्हटलं, बफेलोपर्यंत आली आहे. आम्हाला मूल नाही हे त्या नर्सला काय सांगायचं?

आणि आल्डन, ती गेल्यावर ऑगस्टात लिलावाचं पुस्तक आलं. त्यात ओहायोचं एक पत्र, श्रीमती थँकफुल बरबँक, वेस्ट हार्लो. तारीख नोव्हेंबरची. बफेलोनंतर सहा आठवड्यांची. खाली वर्णन: शिक्का ठळक, दर पंचवीस सेंट, मजकूर कौटुंबिक. कौटुंबिक! चित्र फक्त पुढच्या बाजूचं. आणि पत्ता हिटीच्या अक्षरात नाही. तिचं अक्षर मी ओळखतो. (बघ, इतकी वर्षं कानात काहीच जात नव्हतं असं नाही.) हे पुरुषाचं अक्षर. तिच्या नवऱ्याचं, असाचं. जो बोलत नाही म्हणून तिनं लिहिलं होतं, त्यानं सासूला पत्र का लिहिलं असेल? मी ते पुस्तक मिटलं आणि गोठ्यात जाऊन उभा राहिलो. गोठ्यात आता गायी नाहीत, पण सवय आहे.

मग लिलावाला निघालो. ल्युशियस ड्रू म्हणाला, मी नेतो. आपला क्लब आता एवढाच उरलाय, ल्युशियस अध्यक्ष आणि मी बाकी सगळं. दर लिलावाआधी माल हातात घेऊन बघू देतात, तेव्हा लवकर पोहोचायचं, पत्र उलटून बघायचं, उघडून वाचायचं, एवढाच माझा बेत होता. पण ल्युशियसची खोड तुला माहीत आहे. वाटेत एकही टपालकचेरी सोडत नाही. थांबायचं, खिडकीशी जायचं, स्वतःच्याच नावानं कार्ड टाकायचं आणि शिक्का हातानं, हलक्या हातानं, तिकिटाच्या बरोबर कोपऱ्यावर मारून घ्यायचा. एका गावी पोस्टमास्तरीणबाई जेवायला गेल्या होत्या, तर हा पायरीवर अंड्याचं सँडविच खात बसला. मी गाडीत बसून हॉर्न वाजवला. तो म्हणाला, "ऑरिन, ही कचेरी पुढच्या वर्षी बंद होणारे, हिच्याशी असं वागू नकोस." पोहोचलो तेव्हा माल बघायची वेळ संपली होती आणि बोली सुरू झाली होती.

आता माझं आणि लिलाववाल्या पिंकहॅमचं एक गुपित तुला सांगायला हरकत नाही. तू सभागृहात असायचास तेव्हा माझा हात वर दिसला की हटकून चढवायचास. म्हणून मी पिंकहॅमशी ठरवलं होतं: माझा चष्मा डोळ्यांवर आहे तोवर मी बोलीत आहे, चष्मा काढला की मी बाहेर. तू मागे वळून वळून माझे हात बघायचास आणि मी नुसता बसून असायचो. किती पत्रं मी तुझ्याकडून अशी घेतली! तर यावेळीही तेच ठरलं. हिटीचं पत्र आलं, पडद्यावर भिंतभर दिसलं. बोली दोघांतच उरली, मी आणि टेलिफोनवरचा कुणीतरी. पिंकहॅम माझ्याकडे बघून चढवतोय, मी चष्मा लावून ताठ बसलोय. परसातलं लाकूड विकावं लागलं तरी चालेल, असं ठरवून आलो होतो. आणि त्या पडद्यावर थँकफुलच्या नावाकडे बघता बघता मला एकदम दारातली व्हर्ना ऐकू आली. हिटीचं बघशील ना? डोळे भरून आले. काही दिसेना. मी चष्मा काढला आणि पुसला.

हातोडा पडला.

मी घाईघाईनं चष्मा लावला. तोवर पिंकहॅम पुढच्या मालावर गेला होता, आणि माझा चष्मा बघून त्याला वाटलं की हा गडी आता यात आहे. त्याला खूण करायला मी हात हलवले, तर तो खूश होऊन आणखी चढवू लागला. अशा रीतीनं नेब्रास्कातल्या एका अंडी उबवणाऱ्या कारखान्याच्या जुन्या पाकिटांचा एक मोठा खोका माझा झाला. तो आत्ता स्वयंपाकघरात आहे. अजून वास येतो.

आणि तेवढ्यात टेलिफोन धरलेली ती मुलगी रिसीव्हरवर हात ठेवून सभागृहाला विचारते, "इथे ऑरिन कोण आहे? फोनमधून कुणीतरी सारखं ओरडतंय, चालता हो ऑरिन, चालता हो ऑरिन." सगळे माझ्याकडे बघून हसले. ल्युशियस सर्वांत जास्त. सबंध देशात टपाल गोळा करणारी माणसं पुष्कळ असतील, पण शिव्या देणारा पोपट पाळणारा एकच. मी पिंकहॅमकडे धावलो, म्हटलं, निदान एकदा उलटून दाखव. तो म्हणाला, विकलेला माल घेणाऱ्याचा, नियम म्हणजे नियम, आणि तोवर ते बांधलंही गेलं होतं.

घरी येताना मी तुला मनातल्या मनात जे बोललो ते इथे लिहीत नाही, टपालखातं असलं काही नेत नाही. हे पत्रही मी तुला चार शब्द सुनवायलाच घेतलं होतं. पण इथवर लिहून झालं आणि एक गोष्ट डोक्यात आली. तू ओहायो कधीच गोळा केलं नाहीस. व्हरमाँट विकून बसलास. घरात धूळ नको म्हणून साधं वर्तमानपत्र ठेवत नाहीस, असं व्हर्ना सांगायची. मग तुला ते पत्र कशाला हवं होतं? तिनं तुलाही हिटीचं लिहिलं असणार. दर महिन्याला लिहिलं असणार, माझ्या खोट्या चौकश्यांच्या खाली. म्हणजे त्या दिवशी आपण दोघे म्हातारे एकाच बाईसाठी एकमेकांच्या अंगावर बोली चढवत होतो, आणि पिंकहॅम हसत होता. आपलं बोलणं असतं तर ते पत्र कवडीमोलानं मिळालं असतं.

पोपटाला माझ्यातर्फे दाणे घाल. माझं नाव त्याला पाठ व्हायला तुला ते किती वेळा घ्यावं लागलं असेल, याचा विचार करून मला बरं वाटलं.

तुझा भावजी (बहीण नसली तरी नातं आहे, मी चौकशी केली),
ऑरिन टटल

ता. क. अंड्यांच्या पाकिटांचा खोका तुला हवा असेल तर कळव. ॲरिझोनात कोरड्या हवेत वास जाईल.

ता. क. दुसरा: मी पत्र परत मागत नाहीये. ते तू रीतीनं घेतलंस, ते तुझं. शिक्का, दर, पत्ता, ती सगळी बाहेरची बाजू तुला लखलाभ. मला फक्त आतलं हवं आहे. हे वाक्य क्लबात कुणाला दाखवू नकोस. तूही अस्तर बघणारा नाहीस, मला माहीत आहे, पण एकदा उघड आणि वाच. व्हर्नासारखं मोठ्यानं वाच, पोपटाला ऐकू दे, आणि काय लिहिलंय ते मला कळव. मूल झालं का, आणि हिटी कशी आहे.

ता. क. तिसरा: उघडायचा धीर होत नसेल तर नुसतं उलटं कर आणि मोहरेचा रंग लिहून पाठव. जमीन गोठायच्या आत एकदा वर दफनभूमीत जाऊन व्हर्नाला सांगायचं आहे, म्हणून लवकर. आणि आल्डन, मोहर काळी असेल तर लाल लिही. मी पडताळून बघायला येणार नाही. तुझ्या बहिणीनं आपल्या दोघांना हेच केलं होतं. मी पिवळे मोजे घेऊन वर जाईन, आणि ती विचारेल तेव्हा तुझं पत्र दाखवीन.